गप्प बसवून अफवा थांबत नाही

आपल्याकडे अफवेवरून काही विपरीत घडलं की घरच्यांच्या फोनवर एक वाक्य हमखास येतं : "तुमच्याकडे बरं आहे, तिथलं सरकार असलं काही खपवून घेत नाही." मी ब्रिटनमध्ये राहतो. लोकांच्या कुजबुजीची भीती इथल्या सरकारांनाही जुनीच आहे.

डिसेंबर १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने कॉफीहाउसं बंद करण्याचा हुकूम काढला. तिथे बसून लोक सरकारबद्दल खोटंनाटं पसरवतात, ही त्याची तक्रार. एवढी ओरड झाली की अंमल सुरू व्हायच्या आतच हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे जुलै १९४०. फ्रान्स पडलेला, जर्मन कधी उतरतील याचा नेम नाही. माहिती मंत्रालयाने 'सायलेंट कॉलम' नावाची मोहीम काढली : अफवा पसरवणाऱ्याला गप्प करा, ऐकतच नसेल तर शेवटी पोलिसांना सांगा. निराशेचं बोलले म्हणून साध्यासुध्या माणसांवर खटले झाले. लोक वैतागले आणि त्याच महिन्यात चर्चिल यांनी संसदेत मोहीम गुंडाळल्याचं सांगून टाकलं. बॉम्बच्या छायेतल्या देशालाही ती पेलली नाही.

त्याच मंत्रालयाचा एक विभाग मात्र लोक काय बोलतायत याचे रोज अहवाल करत होता. त्यालाही हेरगिरी म्हणून लोकांनी नावं ठेवली, आणि लोकांचं चूक नव्हतं. पण अफवा नीट ऐकली तर लोकांना कसली धास्ती आहे आणि कोणती माहिती मिळालेली नाही, हे कळतं. सरकारच्या कामाची गोष्ट ही.

अफवेने माणसं मरतात, हे मी विसरलेलो नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यानंतर सगळी चर्चा व्हॉट्सॲपभोवती फिरली. एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आली. ते चांगलंच झालं. पण मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई आधीपासून गावोगाव फिरत होती. तिला तालुक्याच्या पातळीवर, लोकांचा विश्वास असलेल्या माणसाच्या तोंडून वेळेत उत्तर का मिळालं नाही, यावर त्या मानाने फारच कमी बोललं गेलं.

उलट आपल्याकडचा हुकमी उपाय म्हणजे इंटरनेट बंद. अफवा बाजारातून, एसटीतून, साध्या फोनवरून फिरतच राहते. अडकतो तो पोलिसांचा खुलासा.

२०२३ मध्ये केंद्राने इंटरनेटवरच्या मजकुराबद्दलचे आयटी नियम बदलले : सरकारी कारभाराबद्दल खोटं काय, हे सरकारचाच कक्ष ठरवणार. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. मला हायसं वाटलं. ज्याच्याविषयी बोललं जातंय त्यानेच खऱ्याखोट्याचा निवाडा करायचा, हे चार्ल्स राजालाही आवडलं असतं.

ब्रिटनला आज सगळं जमतं असं मुळीच नाही. २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला. संशयित सतरा वर्षांचा, म्हणून नाव जाहीर करता येईना. त्या पोकळीत मुस्लिम वाटेल असं एक खोटंच नाव आणि 'बोटीतून आलेला निर्वासित' ही कहाणी सुटली. दुसऱ्या दिवशी मशिदीवर हल्ला झाला. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी नाव छापायला परवानगी दिली, ती नेमकी अफवांना आळा बसावा म्हणून. तोवर उशीर झाला होता. दंगली आणखी काही दिवस चालल्या. ऑनलाइन चिथावणी देणाऱ्यांना नंतर तुरुंगवास झाला आणि तो योग्यच होता. कोणावर तरी हल्ला करा म्हणणं आणि कानावर आलेलं भीतीपोटी शेजाऱ्याला सांगणं, या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या धरायलाच हव्यात.

आपल्याकडे पोलीस पाटील आहे, ग्रामसेवक आहे, अंगणवाडी ताई आहे. अफवा उठल्यावर तासाभरात या तिघांकडे खरी माहिती पोचेल अशी सोय कोणत्या जिल्ह्यात आहे, हे गृहमंत्र्यांना विधानसभेत विचारायला हवं.