‘गणिताचा खेळ’ म्हणणाऱ्या वाचकाला

साहेब, छातीवरून मोजून हृदयातल्या विजेचा नकाशा काढणाऱ्या तपासणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘कॉम्प्युटरने रंगवलेलं चित्र हृदयाचं म्हणून खपवताय. हा नुसता गणिताचा खेळ. सोलापुरात साधा ईसीजी वेळेवर निघत नाही आणि हे निघाले अमेरिका दाखवायला. कळत नाही त्यात पडू नये.’

मतभेद जरूर असावा. पण ‘खपवताय’? मी काय विकतोय? आणि ‘हे निघाले’ ही भाषा सात रस्त्याला समोरासमोर भेटलो असतो तर वापरली असती का तुम्ही?

एक मान्य. या तपासणीला सीटी स्कॅन लागतो आणि त्यात क्ष-किरण असतात, हे मी एका ओळीत उरकलं. ठळक लिहायला हवं होतं.

आता ‘गणिताचा खेळ’. अहो, सीटी स्कॅन तरी काय आहे? वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणांच्या मापांवरून गणिताने उभं केलेलं चित्रच ते. त्याच कामाला १९७९ चं नोबेल मिळालं, कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांना. त्याच्या रिपोर्टला तुम्ही कधी खेळ म्हणालात?

या नकाशासाठी छातीभोवती अडीचशेच्या आसपास इलेक्ट्रोड, म्हणजे वीज टिपणाऱ्या चकत्या, लावतात. हृदय नेमकं कुठे आणि प्रत्येक इलेक्ट्रोड कुठे, हे सीटीवरून घेतात. मग छातीवर मोजलेल्या व्होल्टेजवरून हृदयाच्या पृष्ठभागावर काय चाललंय ते उलट काढायचं. गिरणीतला जुना जॉबर (मागांवरचा मुकादम) शेडच्या भिंतीबाहेर उभा राहून कुठला माग बिघडलाय ते ओळखतो, तसं. अवघड आहेच. मापात जराशी गडबड झाली की उत्तर भलतीकडे जातं, म्हणून गणिताला लगाम घालावा लागतो. पण लगाम घातलेलं गणित म्हणजे मनाला येईल ते रंगवणं नव्हे. ही पद्धत उभी करणारे अमेरिकेतले संशोधक योराम रुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या धडाच्या आकाराच्या टाकीत कुत्र्याचं हृदय ठेवून, थेट मोजलेलं आणि गणिताने काढलेलं ताडून पाहिलं. माणसांवरचं काम ‘नेचर मेडिसिन’ या शोधपत्रिकेत २००४ साली आलं, ते त्यानंतर.

आणि २०१७ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला पाच पेशंटांवर काय केलं? कशालाच दाद न देणारा व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारी जीवघेणी धडधड. स्कॅन आणि हा नकाशा मिळून जी जागा दाखवत होते, तिथे एकदाच २५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) रेडिएशन दिलं. आधीच्या तीन महिन्यांत पाचजणांना मिळून या धडधडीचे ६,५७७ झटके आले होते. उपचारानंतरचे सहा आठवडे सोडले, तर पुढे फक्त चार. पाचच पेशंट होते, कबूल. पण नुसत्या खेळावर भरवसा ठेवून कोणी जिवंत हृदयावर किरण सोडत नाही.

‘कळत नाही’ म्हणालात म्हणून सांगतो. उभी नोकरी मी ईसीजी काढण्यात घालवली. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटचे पेशंट माझ्या हाताखालून गेलेत. एप्रिलच्या घामात इलेक्ट्रोड कसे निसटतात, छातीवरचा व्ही-वन नावाचा इलेक्ट्रोड एक बरगडी वर लागला की ईसीजीची पट्टी कशी बदलते, हे मी रोज पाहिलंय. दहा इलेक्ट्रोडच्या पट्टीला काय दिसत नाही, हे मला कोणी शिकवू नये.

सोलापुरात ईसीजी वेळेवर निघत नाही हा वेगळा विषय, माझ्या लेखाचा नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी मात्र रुडींचं ते काम वाचून या आणि गणित नेमकं कुठे चुकतंय ते दाखवा.