कवटी उकळून ब्लीचमध्ये टाकू नका

प्राण्याची कवटी जतन करायची तर ती उकळा आणि ब्लीचमध्ये बुडवा, असा मेसेज सध्या फिरतो आहे. ही पद्धत चुकीची आहे. उकळल्याने चरबी हाडात मुरते, पुढे पिवळे डाग उमटतात. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट हाडातलं कोलॅजेन, म्हणजे हाडाला बळकटी देणारं प्रथिन, खातं. आज पांढरीशुभ्र दिसणारी कवटी काही काळाने भुसभुशीत होते, आणि ते नुकसान भरून येत नाही.

कवटी साध्या पाण्यात ठेवून मांस आपोआप कुजून सुटू द्या. वास येतो, आठवडे लागतात, पण हाड शाबूत राहतं. मग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढा; घाई इथेच नडते. शेवटी हाड पांढरं करायला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हातमोजे हवेतच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.