तेल तापेपर्यंत

परवा मला एका पंख्यानं ओव्हरटेक केलं.

म्हणजे पंखा स्कूटरवर होता. स्कूटर एक पन्नाशीचे गृहस्थ चालवत होते आणि मागं बसलेल्या पोरानं तो उंच स्टँडचा पंखा, भालदारानं भाला धरावा तसा, उभा धरला होता. पण मला आधी दिसला तो पंखाच, कारण वाऱ्यानं त्याची पाती फिरत होती. तो माझ्या खांद्याशी आला, जरा रेंगाळला आणि पुढं गेला. मी बसलो होतो एका लाल, दोन सीटांच्या, छप्पर उघडलेल्या स्पोर्ट्‌स कारमध्ये. तिच्या टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर, ७,०००च्या पुढं लाल पट्टा आहे. काटा होता २,५००वर. वेग ताशी ३०.

गाडी बिघडली नव्हती. तेल थंड होतं, एवढंच. हे ‘एवढंच’ आजवर मला एकाही माणसाला पटवून देता आलेलं नाही.

इंजिन ऑइल थंड असताना मधासारखं दाट असतं. ५डब्ल्यू-३० हे अगदी नेहमीचं तेल घेतलं, तरी १०० अंशांना ते जितकं दाट असतं त्याच्या सुमारे सहापट ४० अंशांना असतं, आणि सकाळी गाडी काढतो तेव्हा इंजिन ४० अंशांनाही नसतं. (त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तो वेटचा, म्हणजे वजनाचा, समजून चारचौघांना शिकवत होतो.) पिस्टन ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून थंड असताना पिस्टन मुद्दाम किंचित लंबगोल आणि थोडे सैल ठेवलेले असतात. तापले की सिलिंडरमध्ये नीट बसतात. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, आणि तो तरंगतो कशावर, तर तेलाच्या केसाहून पातळ थरावर. हे सगळं जुळून यायच्या आत पाय दाबणं म्हणजे गवयाला झोपेतून उठवून तार सप्तकातली तान मागणं. तो गाईल. गळ्याचं काय होईल ते नंतर कळेल.

म्हणून सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघायचं, पण ३,०००च्या खाली राहायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, आणि वरचा गिअर टाकून इंजिनाला कण्हायलाही लावायचं नाही. तेल ८०-९० अंशांना येईपर्यंत. दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढा वेळ मागच्यांचे हॉर्न ऐकायचे आणि आपण मुद्दाम मागं राहतोय असा चेहरा करायचा. असा चेहरा नसतो. मी आरशात बघून पाहिलंय.

तर पुढं गेलेल्या पंख्यानं वेग कमी केला आणि तो पुन्हा माझ्या बरोबरीला आला.

“काय झालं साहेब?” स्कूटरवाल्यांनी विचारलं. माझी गाडी इतकी बुटकी आहे की जगातला प्रत्येक स्कूटरवाला माझ्याशी वरून खालीच बोलतो. आणि छप्पर उघडं असल्यामुळं ऐकू आलं नाही असं दाखवायचीही सोय नव्हती.

“काही नाही. ठीक आहे.”

“पेट्रोल संपलं?”

“नाही हो.”

“मग क्लच गेला असणार. आमच्या साडूचा असाच गेला. तोसुद्धा शेवटपर्यंत ठीक आहे, ठीक आहे, म्हणत होता.”

“अहो, काही गेलेलं नाही. इंजिन थंड आहे.”

“बंद आहे?”

“थंड. चालू आहे, पण थंड आहे.”

यावर त्यांनी विचार केला. चढ होता, रस्ता मोकळा होता, विचार करायला भरपूर जागा होती. तेवढ्यात पोरानं पंख्याआडून डोकं काढलं.

“काका, गाडी शिकताय का?”

मी चोवीस वर्षं गाडी चालवतोय. हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जास्तच वाईट दिसलं असतं.

“तेल तापावं लागतं,” मी स्कूटरवाल्यांना म्हणालो. “तोपर्यंत पळवायची नसते.”

“कोण म्हणतं?”

“कंपनीच म्हणते. पुस्तकात लिहिलंय.”

“पण ही पळायचीच गाडी ना?”

“हो.”

“मग पळवत का नाही?”

“तेल तापलं की पळवणार.”

“कधी तापणार?”

मी तेलाच्या तापमानाच्या काट्याकडं पाहिलं. “आत्ता चोपन्न आहे.”

“चोपन्न,” त्यांनी मान वळवून पोराला सांगितलं. मग पुन्हा माझ्याकडं बघत, समजूत घातल्यासारखं म्हणाले, “आमच्यात तसलं काही नसतं. तेल पेट्रोलातच घालायचं. दोन्ही एकदमच जळतं. त्याला तापायला सवड कुठंय?”

यात तेलापुरती चूक काहीच नाही, आणि तेच मला लागलं. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये तेल पेट्रोलाबरोबर आत जातं, आपलं काम करतं आणि धूर होऊन निघून जातं. पिस्टनचं तापणं आणि पसरणं तिलाही चुकलेलं नाही, पण तो मुद्दा मांडायला मला निदान पाच मिनिटं आणि एक आकृती लागली असती.

“किती झालं?” पोरगा.

“छप्पन्न.”

“फारच हळू होतंय. खाली शेगडी लावा की!”

दोघंही हसले. स्कूटर हिंदकळली, पंखा हिंदकळला. मी हसलो नाही, कारण पोरगं नकळत फॉर्म्युला वनपर्यंत पोचलं होतं. तिथल्या इंजिनांत भागांमधल्या फटी इतक्या बारीक ठेवतात की ती थंडपणी सुरूच करायची नसतात. आधी बाहेरच्या यंत्रानं गरम केलेलं पाणी इंजिनातून फिरवतात आणि मग स्टार्टर लावतात. २००६ साली कॉसवर्थ या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या व्ही८नं, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनानं, मिनिटाला २०,००० फेरे गाठले, आणि तसल्या इंजिनांना आधी गरम पाण्यानं अंघोळ घालायला चार माणसं उभी असतात. त्यांना कुणी विचारत नाही, क्लच गेला का म्हणून.

तेल साठावर आलं तेव्हा स्कूटरवाल्यांना कंटाळा आला. “बरं, तुमचं होऊ द्या निवांत,” म्हणून ते सुटले. जाता जाता पोरानं पंख्याची मान फिरवून माझ्याकडं केली.

या दोघांवर माझा राग नाही. थोडा आहे. पण जास्त राग आहे तो गाड्यांतल्या काट्यांवर. बहुतेक गाड्यांत तापमानाचा जो एकुलता एक काटा असतो तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. तो चार-पाच मिनिटांत मध्यावर येतो, माणूस म्हणतो झालं, आणि पाय दाबतो. तेल बिचारं अजून अर्ध्या वाटेतच असतं. त्यात तो काटा धड खरंही बोलत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत कूलंटचं तापमान बरंच कमीजास्त झालं तरी काटा मध्यावरच ठाण मांडून राहील अशी योजना केलेली असते, म्हणजे लोक उगाच घाबरून वर्कशॉपमध्ये येत नाहीत. बीएमडब्ल्यूनं २००० साली आणलेल्या एम३मध्ये यावर फार सुरेख उपाय होता. टॅकोमीटरच्या कडेला दिवे. इंजिन थंड असताना वरचे सगळे पेटलेले, आणि तेल तापत जाईल तसे एकेक विझत जाणारे. होंडाच्या एस२०००मध्ये तर ९,०००पर्यंत जाणारं इंजिन पुरेसं तापल्याशिवाय व्हीटेक, म्हणजे वरच्या फेऱ्यांना जादा ताकद देणारी व्यवस्था, लागतच नाही. तिथं यंत्रच नाही म्हणतं. माझ्या गाडीत नाही म्हणायचं काम माझ्याकडं आहे, म्हणून शिव्याही मलाच.

त्या सकाळी खाली उतरतानाच पहिली फैर झडून गेली होती. तळमजल्यावरच्या काकांचं म्हणणं असं, की गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून गरम करावी आणि मगच हलवावी. त्यांच्या कार्ब्युरेटरच्या, चोक ओढायच्या दिवसांत तसंच करत. मी त्यांना सांगून पाहिलं की जागेवर इंजिन तापतंच फार हळू, तोवर त्याला जादा पेट्रोल मिळत राहतं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि खाली तेलात जाऊन मिसळतं. काकांनी मान डोलावली. आणि याच काकांची तक्रार अशीही आहे, की मी पहाटे गाडी रेस करतो. मी करत नाही, गाडी स्वतःच करते. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना पोचल्याशिवाय कामालाच लागत नाही, म्हणून सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर इंजिन मुद्दाम १,२००-१,५००वर गुरगुरत राहतं. “मी नाही, गाडीच करते” हे वाक्य कुठल्याही भांडणात टिकत नाही, करून बघा. दहा मिनिटं चालू ठेवायची आणि आवाजही करायचा नाही, हे जमवायचं कसं, ते मी काकांना अजून विचारलेलं नाही. मला तिथं राहायचंय.

आता आणखी एक सांगून टाकतो. ऑफिसला जायला मला नऊ मिनिटं लागतात. नऊ मिनिटांत तेल तापत नाही, आणि तापलं नाही की त्यात साठलेला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून मी हा चढाचा वळसा घालून जातो. तेल तापवण्यासाठी पेट्रोल जाळतो. हे घरी माहीत नाही.

आणि एवढं करून मी तिसरा मालक. गाडी बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्यानं माझ्यासमोर थंडगार इंजिन सुरू केलं आणि दुसऱ्याच क्षणी, “आवाज ऐका, आवाज!” म्हणत काटा ६,०००वर नेला. माझ्या पोटात गोळा आला. मी काय केलं? आवाज ऐकला. व्यवहार केला. तो मनुष्य कितीजणांना तसा आवाज ऐकवून बसला असेल, ते त्या बेअरिंगांनाच ठाऊक, आणि गेली तीन वर्षं मी सकाळची दहा मिनिटं त्याचं पाप फेडतोय. वर ओरखडा असला तर दिसतो. आत झिजलेलं दिसत नाही, आणि आत जपलेलं तर त्याहून दिसत नाही. उद्या मी गाडी विकायला काढली, तर येणारा माणूस म्हणेल, जरा रेस करून दाखवा की.

असो. चढ संपला तेव्हा तेल ९१वर होतं. पुढं सरळ उतरता रस्ता, एकही गाडी नाही. मी पाठ सीटला टेकवली, गिअर खाली टाकला, आणि वळण घेतो तर कडेला स्कूटर उभी. शेजारी पंखा. स्कूटरवाले इंजिनापाशी उकिडवे बसून त्यावर फुंकर घालत होते.

थांबायला नको होतं.

“तापली,” ते म्हणाले. “चढाला दोघं आणि वर पंखा म्हटल्यावर बसलीच. आता थंड झाल्याशिवाय हलायची नाही.”

“किती वेळ?”

“दहा-पंधरा मिनिटं लागतात.”

मी काही बोललो नाही. काही न बोलायला किती ताकद लागते, ते मला त्या दिवशी कळलं.

“काका, तुमचं किती झालं?” पोरगा.

“एक्याण्णव.”

“मग पळवा की आता!”

पण स्कूटरवाल्यांची नजर माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर होती. खाली चौकात त्यांचा मेहुणा पंख्याची वाट बघत उभा होता, त्याला घाई होती, आणि माझ्या गाडीला तर छप्परच नव्हतं. मी हो कधी म्हणालो ते आठवत नाही. दोघांनी मिळून पंखा सीटवर बसवला, त्याला बेल्ट लावला, मान सरळ केली.

“जाळी जरा सैल आहे,” ते म्हणाले. “धक्का लागू देऊ नका. तशी काळजी नाही म्हणा, तुम्ही हळूच चालवता.”

काटा ९४वर होता. मी ताशी ३०नं निघालो. शेजारी पाती हळूहळू फिरायला लागली.