मुधोळ की लॅब?

कुत्रं आणायचं यावर घरात एकमत होतं. कुठलं आणायचं, हे विचारलं आणि बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या घरात नवा सीमाप्रश्न उभा राहिला.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले. त्यांचं एकच, "मुधोळ!" मुधोळ संस्थानच्या घोरपडे सरकारांनी जोपासलेली जात, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर झळकली, २०१६ मध्ये मेरठला लष्कराच्या केंद्रात गेली. "शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं कुत्रं सैन्यात भरती झालं, आणि तुम्ही कोळ्यांची जाळी ओढणारं आणणार?" लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडं कामाला होते, ही माहिती त्यांना माझ्या पोरीनंच पुरवली होती. पस्तावली.

पोरगी लॅबवाली. कॅम्पातल्या तिच्या मैत्रिणीकडं एक आहे, ते बघायला गेलो. दार उघडायच्या आधीच आतून शेपटी टीपॉयवर आपटल्याचा आवाज आला. मग तीसेक किलो प्रेम थेट माझ्या छातीवर. आम्ही नेलेला कुंद्याच्या मिठाईचा बॉक्स त्यानं पुठ्ठ्यासकट संपवला, दोरा तेवढा थुंकला. "काका, ह्याला पोट भरलेलं कळतच नाही हो," मैत्रीण कौतुकानं म्हणाली. पोरीनं घरी येऊन मोबाइलवर वाचून दाखवलं: केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्राडॉरांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात एक जनुक अर्धवट सापडला, त्यामुळं ती सदा भुकेली. बाबांनी माझ्याकडं बघितलं. बोलले काही नाहीत. बायकोही बोलत नव्हती. ती माझ्या काळ्या पँटवरचे पांढरट केस सेलोटेपनं उपटत होती. तिचं न बोलणं जास्त महाग पडतं.

मग मुधोळ. चिकोडीकडं बाबांच्या पलटणीतल्या एका सोबत्याचा मळा आहे, तिथं. लांबट निमुळतं तोंड, उंच पाय, आत गेलेलं पोट, आणि उन्हात मोजता येतील अशा बरगड्या. आई दारातच थबकली. "अगं बाई, ह्याला खायला घालत नाहीत काय?"

"वहिनी, बरगडी दिसायची बंद झाली की समजायचं कुत्रं बिघडलं."

मी हात पुढं केला. त्यानं हाताकडं बघितलं, मग माझ्या पलीकडं कुठंतरी. तालुका कचेरीत अर्ज घेऊन गेल्यावर कारकून बघतो तसं. परक्याचा हात ह्या जातीला खपत नाही. तेवढ्यात उसाच्या फडाकडेला काहीतरी हाललं. ससा असेल, नाहीतर कॅरीबॅग. ही जात वासावर नव्हे, नजरेवर शिकार करते. हाललेलं दिसलं की संपलं. आम्ही माना वळवेपर्यंत ते फडाच्या त्या टोकाला. "बा इल्ली! बा!" सोबतीकाका ओरडले. कुत्र्याला कन्नड उत्तम येत असावं. यायचं नव्हतं, एवढंच.

आणि ह्याला पहाटे दोरी लावून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरवणार कोण, तर मी. ते कुणी विचारलंही नाही. शिवाय आमची कंपाउंडची भिंत अशी, की मांजरही तिच्यावर चढत नाही, ओलांडून जातं. ती वाढवायची म्हणजे गवंडी आला, वाळू आली, आणि 'आमचा उजेड अडतो' म्हणत शेजारी आले.

परतीच्या वाटेवर गाडीत बाबा विजयी मुद्रेनं बसलेले. आई खिडकीबाहेर बघत हिशेब करत होती.

"आणू या की हेच. अंगावर केस नाहीत बिचाऱ्याच्या, बेळगावच्या पावसात गारठेल. स्वेटर विणते. सकाळी दूध-भाकरी, दुपारी तूप घालून भात, रात्री परत भाकरी. दिवाळीपर्यंत कसं गुबगुबीत होतंय बघा!"

बाबांचा चेहरा उतरला. निपाणी-चिकोडी फाट्यापर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "लॅबच आणा. निदान बिघडवल्याचा आळ तरी यायचा नाही."