बाळासाठी खेळणी घेताना

बाळ वर्षाचं झालं की ताबडतोब एक महागडं, ‘मेंदूच्या विकासाला चालना देणारं’ खेळणं मागवा. त्यावर आयएसआयची खूण आहे ना ते बघून घ्या, १ जानेवारी २०२१पासून ती सक्तीची आहे. मग खेळणं माळ्यावर टाका आणि खोकं बाळाला द्या. पैसे वाया गेले म्हणून हळहळू नका. अमेरिकेत रॉचेस्टरच्या संग्रहालयात खेळण्यांचा ‘हॉल ऑफ फेम’ आहे, तिथे २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला मानाचं पान मिळालं. २००८ साली तर साध्या काठीचाही नंबर लागला.

आपल्याकडे असा मान द्यायचा झाला, तर पहिला हक्क कुकरच्या शिटीचा. ती बाळाच्या हाती देताना एकच पथ्य पाळा: आधी वरण-भात शिजवून घ्या. कारण एकदा गेलेली शिटी परत मिळते, नाही असं नाही, पण बाजारातून नवी आणल्यावर. आणि मिळते ती आजोबांच्या बुटात.

मिसळणाचा डबा अगदी खालच्या फळीवर ठेवा. त्यातली तिखटाची वाटी तेवढी काढून घ्या, बाकी मुक्तहस्ते. झाकण फरशीवर आपटलं की जो आवाज होतो, तसा आवाज करणारं खेळणं अजून कुठल्याही दुकानात आलेलं नाही. मोहरी घरभर पळते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत सापडत राहते. हळदीचं तसं नाही. ती जिथे पडली तिथेच राहते: चादरीवर, भिंतीवर, पाहुण्यांच्या पांढऱ्या सलवारीवर.

भातुकलीतलं प्लॅस्टिकचं लाटणं हौसेने आणा, पण कणीक मळलेल्या परातीजवळ ते दाखवू नका. अपमान होतो. पोराला तुमच्याच हातातलं लाटणं हवं असतं, तेही पोळी अर्धी लाटून झालेली असताना.

रिमोटच्या बाबतीत तर हुशारी करूच नका. सेल काढलेला जुना रिमोट देऊन पोराला गंडवता येईल, असं प्रत्येक बापाला वाटतं. पोर एक बटण दाबतं. टीव्हीकडे बघतं. मग तुमच्याकडे बघतं. तेवढ्या वेळात तुमची पत काय उरली, ते त्या नजरेत दिसतं. (बटणासारखे चपटे सेल असलेला रिमोट किंवा वजनकाटा मात्र खरोखरच उंच कपाटात ठेवा. तसा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. इथे गंमत नाही. तडक दवाखाना गाठा.)

इतकं करूनही, विकत घेतलेल्या खेळण्याशीच त्याने खेळावं असा तुमचा हट्ट असेल, तर ते त्याला देऊ नका. स्वतः वापरा. कपाळाला आठ्या घाला, खेळणं कानाला लावा, ‘हो सर, पाठवतो सर’ म्हणत येरझाऱ्या घाला. पोर जवळ आलं की ‘हात नको लावूस हं, बाबांचं आहे ते’ असं दरडावा. काही मिनिटांत ते हिसकावलं जाईल. तेव्हा थोडं रडून दाखवायला विसरू नका, नाहीतर लगेच परत आणून देईल.