गोडाऊनमधली ती वही डायग्राममध्ये का नाही?

डायमंड! डीएफडीमध्ये डायमंड! परवाच्या रिव्ह्यूला स्क्रीनवर पान उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. वर ठळक अक्षरांत ‘डेटा फ्लो डायग्राम, लेव्हल 1’. हाच डीएफडी, सिस्टिममध्ये माहिती कुठून येते आणि कुठे जाते ते दाखवणारं चित्र. खाली एक चौकट, तिथून बाण, मग डायमंड, त्यात ‘स्टॉक आहे का?’, एका बाजूला ‘हो’, दुसऱ्या बाजूला ‘नाही’, आणि शेवटी लंबगोलात ‘एंड’. अरे, हा फ्लोचार्ट आहे, कामाचा क्रम दाखवणारा! नाव बदललं म्हणून डीएफडी होत नाही. मी बोलले तर मॅनेजर म्हणतो, ‘अगं जाऊ दे ना, क्लायंटला कुठे कळतंय, डॉक्युमेंटमध्ये एक डायग्राम हवा म्हणून टाकलाय.’

टाकलाय. हाच शब्द मी अकरा वर्षं ऐकतेय. रोज डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, आणि ऑफिसात पोचल्यावर हे: ‘एक डीएफडी टाकून दे गं.’ कोडिंग होऊन गेलेलं असतं, टेस्टिंग अर्ध्यावर असतं, साइन-ऑफची तारीख डोक्यावर असते, आणि तेव्हा कुणाला तरी आठवतं की डॉक्युमेंटमधलं सहा नंबरचं पान कोरं आहे. ज्या कामासाठी डीएफडी काढायचा ते काम होऊन गेल्यावर तो काढायचा! घर बांधून झाल्यावर नकाशा मागण्यातला प्रकार.

डीएफडीमध्ये चार गोष्टी असतात. चारच. बाहेरची पार्टी, प्रोसेस म्हणजे माहितीवर होणारं काम, डेटा स्टोअर म्हणजे ती साठवायची जागा, आणि त्यांच्यामधून वाहणारी माहिती. ही पद्धत मांडणाऱ्यांपैकी टॉम डीमार्को आणि एड यूर्डन यांच्या पद्धतीत प्रोसेसला गोल काढतात, गेन आणि सार्सन यांच्या पद्धतीत गोलसर कोपऱ्यांची चौकट. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून हे चालत आलंय. कुठलीही चिन्हं घ्या, माझी तक्रार नाही. पण ‘हो-नाही’ला त्यात जागा नाही, ‘आधी हे मग ते’ला जागा नाही, कारण डीएफडी क्रम सांगायला बसलेलाच नसतो. तो विचारतो की ही माहिती आली कुठून, तिचं झालं काय, ती कुठे साठवली आणि पुढे कुणाकडे गेली. क्रम दाखवायचाय तर फ्लोचार्ट काढा, कुठलं काम कुणाचं ते पट्ट्यांत दाखवणारी स्विमलेन काढा, बीपीएमएनची ठरलेली चिन्हं वापरा. नियम लिहायचेत तर डिसिजन टेबल करा. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

आणि बाणांवर काय लिहितात? ‘डेटा’. ‘इन्फो’. ‘डिटेल्स’. कसला डेटा? बाणावर नेमकं नाव हवं: खरेदी ऑर्डर, परतीचं चलन, क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाचे पैसे गिऱ्हाइकाच्या नावे जमा केल्याची चिठ्ठी). प्रोसेसच्या नावात काम दिसायला हवं: ‘क्रेडिट नोट तयार करणे’. यांच्या गोलात लिहिलेलं असतं ‘सिस्टिम’, ‘प्रोसेसिंग’, नाहीतर सरळ ‘अकाउंट्स डिपार्टमेंट’. अकाउंट्सवाले तिथे नक्की काय करतात ते लिहा ना! नाव सुचत नाही कारण तिथे काय चालतं ते तुम्ही विचारलेलंच नाही.

मी नियमांसाठी भांडते असं वाटत असेल तर गेल्या वर्षी काय झालं ते ऐका. क्लायंट औषधांचा होलसेलर. ऑफिस प्रिन्सेस स्ट्रीटला, गोडाऊन भिवंडीला. मी त्या प्रोजेक्टवर नंतर आले. डायग्राम आधीच झाला होता, ऑफिसातल्या एका माणसाने जसं सांगितलं तसा. गोडाऊनची पायरीही कुणी चढलं नव्हतं. त्यात ‘एक्स्पायरी माल परत घेणे’ असा एक गोल होता. आत बाण येतोय, केमिस्टकडून परतीचं चलन. बाहेर जाणारा बाण? एकही नाही. याला ब्लॅक होल म्हणतात, ही पहिल्या धड्यातली चूक आहे. माहिती आत गेली ती गेलीच. त्याच पानावर खाली ‘मासिक क्लेम रिपोर्ट’, म्हणजे औषध कंपनीकडे मागायच्या भरपाईचा हिशेब, काढणारा दुसरा गोल, त्यात आत काहीच जात नाही आणि बाहेर मात्र रिपोर्ट येतोय. याला मिरॅकल म्हणतात. वरच्या कॉन्टेक्स्ट डायग्राममध्ये, म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच गोलात दाखवणाऱ्या चित्रात, औषध कंपनी होती, तिच्याकडे क्लेम जातो असा बाणही होता. लेव्हल 1 वर, म्हणजे तोच गोल उघडून दाखवणाऱ्या पानावर, तो बाण गायब! वरच्या पातळीवर जे आत येतं आणि बाहेर जातं ते खालच्या पातळीवर जसंच्या तसं दिसलं पाहिजे, हे ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. कुणी बघितलं नाही. तिघांच्या सह्या होत्या त्या पानावर. तिघांच्या!

सिस्टिम लाइव्ह झाली आणि दुसऱ्याच महिन्यात केमिस्टांचे फोन सुरू झाले. माल परत घेऊन गेलात, क्रेडिट नोट कुठाय? सिस्टिममध्ये नोंदच नाही. मग मीटिंगा, आरडाओरडा, आणि शेवटी बोट कुणाकडे, तर गोडाऊनमधल्या काकांकडे. ‘ते एन्ट्रीच करत नाहीत.’

मी गेले भिवंडीला. काकांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. लांबट, लाल कापडी बांधणीची, कडा हात लागून काळ्या पडलेल्या, मध्ये रबरबँड. आत पट्टीने आखलेले रकाने: पार्टी, औषध, बॅच नंबर, एक्स्पायरी, नग, फुटलेले नग. शेवटचा अरुंद रकाना बिननावाचा. त्यात कुठे पेन्सिलीने ‘क’, कुठे ‘कं’, कुठे लाल टिक. मी विचारलं, ‘काका, हे काय?’ म्हणाले, ‘‘क’ म्हणजे पार्टीला क्रेडिट नोट द्यायची बाकी. ‘कं’ म्हणजे कंपनीकडे क्लेम पाठवला. कंपनीने मान्य केला की लाल टिक.’ रोज संध्याकाळी ते त्या पानाचा फोटो काढून अकाउंट्समधल्या मुलीला व्हॉट्सॲप करायचे आणि ती त्यावरून क्रेडिट नोटा काढायची. नवी सिस्टिम आली तेव्हा तिला सांगितलं गेलं, आता फोटो नकोत, सगळं सिस्टिममधून येईल. आणि सिस्टिममध्ये तो रस्ताच नव्हता!

‘मॅडम, ही वही कुणी विचारलीच नाही,’ काका म्हणाले. ‘मी दोनदा दाखवायला गेलो. म्हणाले, आता वह्या बंद.’ आणि एवढं होऊनही त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मला तो घशाखाली उतरेना. ज्या माणसाकडे त्या धंद्यातली सगळ्यात पक्की नोंद होती, त्यालाच आम्ही कामचुकार ठरवलं होतं.

ती वही म्हणजे डेटा स्टोअर. तो व्हॉट्सॲप फोटो म्हणजे डेटा फ्लो. पुस्तकी शब्द वाटतात ना? भिवंडीच्या त्या टेबलावर माझ्या हातात होते दोन्ही. डीमार्कोंच्या पद्धतीत पहिली पायरीच ही होती, की आज काम जसं चालतं तसं आधी मांडा, माणसं, कागद, वह्या सगळ्यासकट. मग त्यातून कोण आणि कशावर हे गाळून नुसतं काय होतं ते काढा, मग नवीन कसं हवं ते ठरवा. ही पहिली पायरी फार वेळ खाते म्हणून पुढे 1989 साली खुद्द यूर्डननीच ती टाळा असं सांगितलं. मान्य, महिनोन्‌महिने जुनंच रंगवत बसू नका. पण अर्धा दिवस? एका माणसाशेजारी खुर्ची ओढून अर्धा दिवस बसायला काय जातं?

पोरांना मी दोष देत नाही. कॉलेजात शिकवतात कसं ते मला ठाऊक आहे. ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, डीएफडी लागतो म्हणून सीनियरच्या ब्लॅक बुकमधला ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’चा उचलायचा आणि लायब्ररीच्या जागी हॉस्पिटल लिहायचं. लायब्ररीत जाऊन तिथल्या बाईंना ‘पुस्तक हरवलं तर तुम्ही कुठे लिहून ठेवता?’ असं कुणी एकदाही विचारत नाही. व्हायव्हात विचारतात डीएफडीची चार चिन्हं, पोरं पाठ म्हणून दाखवतात, मार्क मिळतात.

वर ‘आता डीएफडी कोण काढतं, युजर स्टोरी लिही’ हे आहेच. लिहिते की! वापरणाऱ्याला काय हवं ते एका ओळीत: ‘केमिस्ट म्हणून मला माल परत करता आला पाहिजे’, लिहिली स्टोरी. पण त्या परतीच्या नोंदीचं पुढे काय होतं, कुठे साठते, क्लेमपर्यंत कशी पोचते, हे त्या एका ओळीत कुठे आहे? आणि हेच लोक आता पळत येतात, की 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, सुरक्षेत हलगर्जी झाली तर 250 कोटींपर्यंत दंड आहे, आपल्याकडे कुणाचे नंबर, कुणाचे पत्ते कुठे-कुठे पडलेत ते लवकर सांगा. कुठून सांगू? सेल्समनच्या स्वतःच्या फोनवर ऑर्डरी येतात, तो फोन तुमच्या एकाही डायग्राममध्ये नाही! माहिती कुठे पडलीय हे दाखवणारं चित्र काढायचं तेव्हा काढलं नाहीत, आणि आता दंडाच्या भीतीने दोन दिवसांत हवंय.

परवाचं ते डायमंडवालं पान त्याच क्लायंटच्या दुसऱ्या टप्प्याचं आहे. आणि त्यातही वही नाही. गेल्या वर्षी एवढं रामायण होऊन पुन्हा नाही! ज्या मुलाने काढलंय त्याला जुनी टेम्प्लेट आणि दोन दिवस दिले होते, गोडाऊन कुठे आहे हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी सही केलेली नाही. मॅनेजरला मेलवर कळवलंय, बाण पुरे झाल्याशिवाय करणारही नाही, तारीख पुढे गेली तर जाऊ दे. शुक्रवारी सकाळी त्या मुलाला घेऊन कल्याणहून रिक्षाने भिवंडीला जातेय. लॅपटॉप आणू नकोस, कोरे कागद आण, असं सांगितलंय त्याला. काकांना फोन केला होता. वही खणातच आहे म्हणाले, आता तिसरी चालू आहे.