सहा प्रकरणे, १४४ मिनिटे

डिसेंबर २०१४ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या एका चित्रपटगृहातून बाहेर पडताना माझ्या दहा वर्षांच्या मुलीने विचारले, ‘‘आई, यात बिल्बो कुठे होता?’’ आम्ही ‘द हॉबिट’ या चित्रपटमालिकेचा तिसरा आणि शेवटचा भाग पाहून आलो होतो, आणि बिल्बो हा त्या कथेचा नायक आहे. तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण गेले सव्वादोन तास मीही त्यालाच शोधत होते.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत, मी ते पुस्तक तिला रोज रात्री वाचून दाखवले होते. पुस्तक इंग्रजी, पण सांगणे मराठीत. वाक्य डोळ्यांनी वाचायचे आणि तोंडाने आपल्या भाषेत सांगायचे, असा आमचा क्रम होता. मुलीची मराठी टिकावी म्हणून मी केलेल्या अनेक खटपटींपैकी ही एक होती. मात्र असे वाक्य वाक्य उलगडून सांगताना त्या पुस्तकाची वीण मला फार जवळून पाहता आली. १९३७ साली लहान मुलांसाठी प्रसिद्ध झालेले हे पुस्तक १९ प्रकरणांचे आहे. त्याचा निवेदक शेजारी बसून गोष्ट सांगणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यासारखा आहे. तो मध्येच थांबून मुलांना काहीतरी समजावतो, भीतीच्या जागी आवाज खाली आणतो आणि जिथे सांगण्यासारखे थोडेच आहे तिथे थोडेच सांगतो. मराठीत सांगताना मला हा निवेदक मुळीच परका वाटला नाही.

या पुस्तकाचे तीन चित्रपट झाले. आधी दोन होणार होते; २०१२ च्या जुलैमध्ये तिसरा जाहीर झाला. तिन्ही भाग मिळून ४७४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ आठ तास होतात. आम्ही पाहिलेला भाग १४४ मिनिटांचा होता आणि त्यात मूळ पुस्तकाची शेवटची सहा प्रकरणे होती. या सहांपैकी सतराव्या प्रकरणात मोठे युद्ध आहे. तिथे लेखकाने जे केले आहे, ते वाचताना मी थबकले होते: युद्ध ऐन रंगात आले असताना बिल्बोच्या डोक्यावर दगड आदळतो आणि तो बेशुद्ध होतो. तो शुद्धीवर येतो तेव्हा सगळे संपलेले असते, आणि उरलेली हकिगत त्याला इतरांकडून ऐकावी लागते. फीली आणि कीली या दोन तरुण बुटक्यांचा मृत्यू एका वाक्यात येतो. ते वाक्य मराठीत सांगितल्यावर माझी मुलगी बराच वेळ काही बोलली नव्हती. युद्ध संपल्यावर कोण उरले आणि कोण नाही, हे कळण्याची ती रीत लेखकाने विचार करून निवडलेली आहे, असे मला वाटते.

पडद्यावर तेच युद्ध पाऊण तासाच्या आसपास चालते. एक सैन्य येते, मग दुसरे येते, मग कडे कोसळतात आणि बर्फ फुटतो. कीलीच्या मृत्यूला वजन यावे म्हणून पुस्तकात नसलेली एक योद्धा स्त्री निर्माण केली आहे आणि तिची प्रेमकथा त्यात गुंफली आहे. ती पुस्तकात नाही, ही माझी तक्रार नाही. तक्रार अशी की एका वाक्याने जो घाव घातला होता, तो एवढा सारा खटाटोप करूनही पडद्यावर बसला नाही. मुलीने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि ती माझ्याकडे पाहत होती. इथे चित्रपटाला मध्यंतर नसते, त्यामुळे उठून बाहेर जाण्याचे निमित्तही मिळाले नाही.

चित्रणाचे तंत्रही आड आले. नेहमीचा चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, ही मालिका ४८ चौकटींत चित्रित झाली होती, आणि आम्ही त्याच स्वरूपातला खेळ निवडला होता. हालचाल त्यामुळे स्वच्छ दिसते, पण इतकी स्वच्छ की दाढी चिकटवलेली आहे आणि दगड रंगवलेला आहे हेही दिसू लागते. ज्यांनी दूरदर्शनवर मराठी नाटकांचे चित्रीकरण पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. रंगमंचावर जे खरे वाटत होते, ते कॅमेऱ्यासमोर एकदम उघडे पडत असे.

सगळेच फसले होते असे नाही. पहिल्या भागातला अंधाऱ्या गुहेतला कोड्यांचा प्रसंग मला आजही उत्तम वाटतो. तो पुस्तकातल्या एका प्रकरणाएवढाच आहे, दोघांपुरताच आहे, आणि त्याला मोठे करण्याचा मोह कोणाला झालेला नाही.

वेलिंग्टनमध्ये राहून या चित्रपटाबद्दल निराशा बोलून दाखवणे सोपे नव्हते. मिरामार या उपनगरात त्याचे स्टुडिओ आहेत आणि माझ्या ओळखीतल्या दोन घरांची चूल त्या कामावर पेटत होती. विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला तेव्हा छताखाली चित्रपटातल्या महाकाय गरुडांच्या प्रतिकृती दिसत. पण या चित्रपटावरून या देशात जो सगळ्यांत मोठा वाद झाला, तो पुस्तकाशी इमान राखले की नाही, हा नव्हता. तो कामगारांचा होता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या आधीच्या चित्रपटमालिकेसाठी काम केलेला एक प्रतिकृती बनवणारा कारागीर कंत्राटदार नसून कर्मचारी आहे, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला होता. २०१० मध्ये कलाकारांच्या संघटनेने सामूहिक कराराची मागणी केली, तेव्हा चित्रीकरण दुसऱ्या देशात जाईल अशी भीती पसरली. लोक चित्रपटाच्या बाजूने रस्त्यावर आले. अमेरिकी स्टुडिओचे अधिकारी येऊन पंतप्रधान जॉन की यांना भेटले आणि ऑक्टोबरअखेर, विधेयक मांडल्यापासून अवघ्या दोन दिवसांत, कायदा बदलला गेला. नोकरीचा लेखी करार नसेल तर चित्रपटात काम करणारा माणूस स्वतंत्र कंत्राटदार मानला जाईल, असे त्यात ठरले. या कामगारांना सामूहिक वाटाघाटीची वाट २०२२ च्या नव्या कायद्याने मोकळी झाली, म्हणजे मध्ये १२ वर्षे गेली. एका स्टुडिओसाठी संसदेने दोन दिवसांत कायदा बदलावा, हे मला तेव्हाही अयोग्य वाटले होते आणि आजही वाटते. परदेशात सगळे शहाणपणाने चालते, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही.

परंतु २०२३ च्या जूनमध्ये ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला आणि पुण्याहून भावाचे फोन येऊ लागले, तेव्हा मला २०१४ ची ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवली. एका मराठी दिग्दर्शकाने रामकथेवर भव्य चित्रपट केला होता, म्हणून घरी उत्सुकता होती. प्रत्येक खेळाला एक आसन हनुमानासाठी राखून ठेवण्याचे निर्मात्यांनी जाहीर केले होते. नंतर संवादांवरून असंतोष उसळला, काही संवाद प्रदर्शनानंतर बदलावे लागले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्मात्यांना खडे बोल सुनावले आणि काठमांडूत काही काळ हिंदी चित्रपटच थांबवले गेले. रामकथेला मी कल्पनारम्य कथा म्हणत नाही. बिल्बोची कोणी पूजा करत नाही, आणि ज्या कथेने आपल्या आजीआजोबांचा दिवस सुरू होत असे, तिच्याविषयी लोक हळवे असणार, हे मला इतक्या दुरूनही समजते. भाऊ म्हणाला, ‘‘तुला तिथे बसून हे कळायचे नाही, इथे माणसे खरोखर दुखावली आहेत.’’ त्याचे म्हणणे मी नाकारले नाही.

मी त्याला एवढेच विचारले, ‘‘दादा, दुखावले जाण्याच्या आधी तू निराश झालास का?’’ तो गप्प झाला. मग तो बोलू लागला तेव्हा संवादांचा उल्लेखही आला नाही. लंका काळीकरडी आणि एकसुरी दिसते, वनवासात कुठेच वारा वाहत नाही, सीतेला बोलायलाच फारसे काही नाही, असे तो पंधरा-वीस मिनिटे सांगत राहिला. आमच्या सगळ्या फोनांमधले ते सर्वांत चांगले बोलणे होते. दादाने आधी हे का सांगितले नाही, याचा मी नंतर विचार केला. आपल्याकडे अशा वादांत पहिला प्रश्न असतो तो ‘मुळात बदल केलाच का?’ हा. एकदा तो विचारला की उत्तर देणारा कचेरीत किंवा कोर्टात उभा राहतो, आणि बदलून काय साधले, हा प्रश्न मागेच राहतो. दुखावलेल्या माणसाला क्षमा हवी असते. निराश झालेला माणूस मात्र काय चांगले होऊ शकले असते ते डोळ्यांसमोर आणू शकतो, म्हणूनच तर तो निराश होतो. रूपांतराविषयी बोलण्याला मला याच माणसाची गरज वाटते.

बदलाची भीती ही आपली जुनी खोड नाही. मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली असे परंपरा सांगते, आणि त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर नाही. वाल्मीकींच्या सुमारे २४,००० श्लोकांचे ग. दि. माडगूळकरांनी ५६ गाण्यांत रूपांतर केले. सुधीर फडक्यांच्या संगीतासह ते पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीला सुरू झाले आणि वर्षभर घराघरांत ऐकले गेले. लव-कुश रामासमोर रामकथा गातात ही कल्पना वाल्मीकींचीच आहे. गदिमांनी ती उचलली आणि मग प्रत्येक प्रसंगी कोण बोलेल, कोण गप्प राहील, काय गाळायचे, हे स्वतः ठरवले. त्यांनी किती गाळले याचा हिशेब आपल्या घरात कधी कोणी मांडला नाही, कारण जे ठेवले ते पुरेसे होते. २४,००० श्लोक ५६ गाण्यांत मावले, आणि मुलांचे एक छोटे पुस्तक आठ तासांतही मावले नाही. प्रत्येक कथेला तिचे स्वतःचे माप असते, आणि ते चुकले की एकही शब्द न बदलता कथा बदलते, हे मी वेलिंग्टनच्या त्या अंधारात शिकले. ते मला घरच्या उदाहरणावरून आधीच कळायला हवे होते.

आता रामायणावर दोन भागांचा नवा हिंदी चित्रपट होत आहे. २०२६ आणि २०२७ च्या दिवाळीत ते भाग यावेत, असे निर्मात्यांनी जाहीर केलेले आहे. कोणी कोणती भूमिका करावी यावर भावाच्या मित्रमंडळींत आतापासून भांडणे आहेत. मुलगी आता बावीस वर्षांच्या घरात आहे, पहिला भाग आला की आम्ही दोघी तो इथेच पाहू. भावाला मी सांगून ठेवले आहे की पहिल्याच खेळाला जा, आणि बाहेर आल्यावर मला आधी एवढेच सांग, पहिला भाग त्यांनी कोणत्या प्रसंगावर थांबवला.